तीन अभ्यासपद्धतींची तुलना: सगळ्या पद्धती एकाच गटावर की प्रत्येकीला वेगळा गट?

पाटीपेन

प्रबंधासाठी प्रयोग आखायचा आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचणं, एकदा वाचून पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणं, आणि धड्याचा संकल्पना-नकाशा (कल्पना आणि त्यांचे संबंध रेषांनी जोडून दाखवणारी आकृती) काढणं, या तीन पद्धतींपैकी कुठल्या पद्धतीने आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे पाहायचं आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या मिळतील, एकीत ३३ आणि दुसरीत ३१, म्हणजे एकूण ६४ विद्यार्थी.

मार्गदर्शक म्हणतात, प्रत्येक पद्धतीला वेगळा गट घ्या. विभागातले दुसरे प्राध्यापक म्हणतात, विद्यार्थी थोडे आहेत, तर प्रत्येकाकडून तिन्ही पद्धती करून घ्या, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होईल. दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे.

माझे प्रश्न:

१. वेगळे गट घेतले तर एका गटात किती जण हवेत? ६४ मध्ये तीन गट भागतील का?

२. एका तुकडीला एक पद्धत आणि दुसरीला दुसरी दिली तर वेळापत्रकाच्या दृष्टीने फार सोयीचं पडेल. चालेल का?

३. त्याच धड्यावर पूर्वचाचणी, मग अभ्यास, मग लगेच एक उत्तरचाचणी आणि आठवड्याने दुसरी, असा बेत आहे. यात काही चुकतंय का?

प्रयोगवही

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे.

"एकच गट की वेगळे गट" हा निर्णय सबंध प्रयोगासाठी एकदाच घ्यायचा नसतो. प्रयोगात जितके घटक, तितक्या वेळा तो घ्यावा लागतो. तुमच्याकडे घटक दोन आहेत: अभ्यासाची पद्धत, आणि अभ्यास ते चाचणी यांमधलं अंतर.

अंतराच्या बाबतीत शंकेला जागाच नाही. लगेचची उत्तरचाचणी म्हणजे पुस्तक मिटून आठवणंच. ती सगळ्यांची घेतलीत की पुन्हा वाचणाऱ्या गटालाही तुम्ही दुसऱ्या गटाची पद्धत एक डोस दिल्यासारखं झालं. आठवड्यानंतर दोन गटांतला फरक आक्रसलेला दिसेल आणि तो का आक्रसला हे शोधायला काही मार्ग उरणार नाही. तेव्हा दोन्ही अंतरं हवीच असतील तर त्यांनाही वेगळे गट लागतील, म्हणजे गटांची संख्या दुप्पट. ६४ जणांत ते परवडणार नाही. लगेचची चाचणी सरळ वगळा. तुमचा प्रश्न आठवड्यानंतरचा आहे.

त्याच धड्यावरची पूर्वचाचणीही याच कारणाने नको. ती मुलांना आठवायला लावते, शिवाय कुठल्या मुद्द्यांवर विचारणार आहेत याची चाहूल देते. पूर्वचाचणीचा परिणाम मोजण्यासाठी सॉलोमन यांची चार गटांची मांडणी आहे (१९४९): दोन गटांची पूर्वचाचणी घ्यायची, दोघांची नाही. पण तुमच्याकडे प्रत्येक गटात १६ जण येतील आणि त्यातून काहीच ठाम हाती लागणार नाही. त्याऐवजी दुसऱ्याच उताऱ्यावर त्याच धर्तीची आकलन-स्मरण चाचणी आठ-दहा दिवस आधी घ्या. तिचा उपयोग पुढे विश्लेषणात भरपूर होतो.

आता पद्धत हा घटक. कसोटी एकच: पहिली अवस्था (म्हणजे आधी दिलेली पद्धत) संपल्यावर सहभागी व्यक्ती दुसऱ्या अवस्थेत आधीसारखीच शिरते का? दिवा लागताच बटण दाबायला किती मिलिसेकंद लागतात, असं काही मोजत असाल तर विश्रांतीनंतर माणूस बऱ्यापैकी पूर्ववत होतो. तिथे एकाच व्यक्तीला सगळ्या अवस्था द्याव्यात, वेगळे गट घेणं ही उधळपट्टी. पण काही शिकवलं, एखादी माहिती उघड केली, प्रयोगाचा खरा हेतू लपवला होता तो कळला, किंवा एखादी युक्ती हाती लागली, तर ते परत काढून घेता येत नाही. तिथे वेगळेच गट.

तुमचा प्रयोग या दुसऱ्या जातीचा आहे. आधी आठवून लिहायला लावलेला विद्यार्थी नंतर "फक्त वाच" म्हटलं तरी वाचता वाचता मनातल्या मनात स्वतःला प्रश्न विचारतो. आधी फक्त वाचलेल्याच्या बाबतीत असं काही घडत नाही. म्हणजे गळती एकाच दिशेने होते. क्रम आलटून पालटून देऊन सराव आणि थकवा यांचा हिशेब चुकता होतो, कारण ते दोन्ही क्रमांत सारखेच पडतात. एकतर्फी गळती मात्र क्रम बदलून जात नाही, ती सरासरीत मिसळून बसते. विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती करायला लावल्या की "यांना कुठली चांगली ठरवायची आहे" हेही ते ओळखतात आणि त्याप्रमाणे वागतात. हा मुद्दा पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

थोडक्यात, मार्गदर्शकांच्या बाजूने माझं मत. फक्त वेगळ्या गटांची किंमत संख्येत मोजावी लागते, ती पुढे कोणीतरी आकड्यांत सांगेलच.

आकडेमोड

सांगतो.

दोन स्वतंत्र गट, द्विपुच्छ टी-चाचणी (दोन मध्यमानांतला, म्हणजे सरासरींतला फरक दोन्ही दिशांनी तपासणारी), सार्थकता पातळी ०.०५ (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची शक्यता) आणि पॉवर ८० टक्के (फरक खरा असल्यास तो पकडण्याची शक्यता) धरली तर एका गटातली संख्या साधारण १६ भागिले डी-वर्ग इतकी लागते. डी म्हणजे दोन मध्यमानांतला फरक भागिले प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप). डी ०.८ असेल तर प्रत्येक गटात २६, ०.५ ला ६४, ०.३ ला १७६ आणि ०.२ ला ३९४. हे प्रत्येक गटाचे आकडे आहेत, एकूण नव्हेत. प्रबंधांत ही गल्लत सर्रास दिसते.

तुमच्याकडे उलटं गणित करायला हवं. माणसं ठरलेली आहेत, तर किती मोठा फरक पकडता येईल? ३२ अधिक ३२ असे दोन गट केले तर डी ०.७ च्या आसपास. २० गुणांच्या चाचणीत प्रमाण विचलन ४ असेल तर हा जवळपास ३ गुणांचा फरक झाला. त्याहून लहान फरक खरोखर असला तरी तो बऱ्याचदा तुमच्या हातून निसटेल. तीन गट केले की प्रत्येकी २१ येतात आणि डी ०.९ लागतो. शिवाय तीन जोड्यांच्या तुलनेसाठी सार्थकतेची पातळी कडक करावी लागेल ती वेगळीच. तिसरा गट सोडा. त्यातही संकल्पना-नकाशा सोडा, कारण तो काढायला आधी शिकवावं लागतं, आणि मग परिणाम नकाशाचा की प्रशिक्षणाच्या जादा तासाचा, हा नवा वाद उभा राहतो.

दुसऱ्या प्राध्यापकांचं म्हणणं हवेत नाही, हेही आकड्यांत पाहा. तेच ६४ जण दोन्ही पद्धती करणार असतील आणि एकाच व्यक्तीच्या दोन गुणांतला सहसंबंध (दोन्ही गुण किती सोबतीने वरखाली होतात त्याचं माप) ०.५ असेल, तर डी ०.३५ ते ०.३६ इतका फरकही पकडता येतो. जवळजवळ निम्मा. सर्वसाधारण हिशेब असा: वेगळ्या गटांना जितकी एकूण माणसं लागतात, त्याला एक वजा सहसंबंध या संख्येने गुणून दोनाने भागा, म्हणजे एकाच गटाला किती लागतील ते येतं. सहसंबंध ०.५ धरला तर १२८ च्या जागी ३२-३४. मोह पडतो तो याचसाठी.

ही किंमत थोडी परत मिळवता येते. प्रयोगवहींनी सुचवलेली दुसऱ्या उताऱ्यावरची पूर्वचाचणी विश्लेषणात सहचल म्हणून घाला, म्हणजे मुलांमधला आधीपासूनचा फरक हिशेबात धरला जाईल (सहप्रचरण विश्लेषण, म्हणजे अँकोव्हा). पूर्व आणि उत्तर गुणांतला सहसंबंध आर असेल तर त्रुटीचं प्रचरण (पद्धतीने न उलगडणारं गुणांचं विखुरणं) एक वजा आर-वर्ग इतक्या पटीवर येतं. आर ०.७ असला तर ०.५१, म्हणजे तेच ६४ जण सव्वाशे जणांचं काम करतात आणि पकडता येणारा डी ०.७ वरून ०.५ वर उतरतो. आर ०.६ असला तरी ०.५७ पर्यंत येतो. एक तासाची चाचणी साठ माणसं वाचवत असेल तर ती न घेणं हा शुद्ध आळस म्हणायचा.

उत्तर वजा पूर्व अशी वाढ काढून तिची तुलना करू नका. आर ०.५ पेक्षा कमी असेल तर वाढीचं प्रचरण नुसत्या उत्तरगुणांहूनही जास्त भरतं. तुमच्या बाबतीत तर दोन चाचण्या वेगळ्या उताऱ्यांवरच्या, म्हणजे त्यांची वजाबाकी तशीही निरर्थक.

तिरकस_वाचक

पण मग या विषयावरच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाचं काय? मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांचा, २००६ चा. त्यांच्या पहिल्या प्रयोगात १२० विद्यार्थी होते आणि वाचणं व आठवणं या दोन्ही अवस्था प्रत्येकाला दिल्या होत्या, दोन वेगळे उतारे वापरून. वेगळे गट होते ते फक्त अंतरासाठी: ५ मिनिटं, २ दिवस, १ आठवडा. तरी निकाल स्वच्छ आला. ५ मिनिटांनी वाचणारे ८१ टक्के आणि आठवणारे ७५, आठवड्याने मात्र ४२ विरुद्ध ५६. एकतर्फी गळती एवढी घातक असती तर हे दिसलं असतं का?

प्रयोगवही

रास्त आक्षेप. दोन गोष्टी.

एक, या प्रयोगात गळती परिणामाच्या विरुद्ध दिशेने काम करते. वाचणाऱ्या अवस्थेत आठवण्याची सवय शिरली तर फरक कमी होतो, वाढत नाही. तेव्हा गळती असूनही फरक दिसला तर निष्कर्ष अधिकच भक्कम. पण फरक दिसलाच नाही तर? पद्धतींत फरक नाही की गळतीने तो खाल्ला, हे सांगता येत नाही. मोठा परिणाम आणि १२० माणसं असताना हा जुगार खेळता येतो. ६४ मध्ये मी खेळणार नाही.

दोन, त्याच शोधनिबंधातला दुसरा प्रयोग पाहा. तिथे चार सत्रांत चारही वेळा वाचणं, तीनदा वाचून एकदा आठवणं, आणि एकदा वाचून तीनदा आठवणं अशा तीन पद्धती होत्या. अवस्था एवढ्या लांबलचक आणि एकमेकींत मिसळणाऱ्या झाल्यावर त्यांनी पद्धतीसाठीही वेगळे गट केले: ३ पद्धती गुणिले २ अंतरं, ६ गट, प्रत्येकी ३०, एकूण १८०. आठवड्याने अनुक्रमे ४०, ५६ आणि ६१ टक्के. एकाच संशोधकांनी एकाच कामात दोन मांडण्या वापरल्या, त्या अशा गरजेप्रमाणे.

तरीही एकच गट घ्यायचा झाला तर एक पळवाट आधीच लिहून ठेवा: प्रत्येकाने पहिल्यांदा केलेली पद्धत तेवढीच घेऊन ३२ विरुद्ध ३२ असं स्वतंत्र गटांचं विश्लेषण. पहिल्या अवस्थेवर आधीच्या कशाचीही सावली नसते. हे विश्लेषण आणि संपूर्ण विश्लेषण वेगळं बोलायला लागलं की गळती झाली समजायचं. मात्र यातल्या मुख्य विश्लेषणाचा मान कुणाला, हे आकडे पाहण्याआधी ठरलेलं हवं.

पाटीपेन

पटलं. दोन पद्धती, दोन वेगळे गट, फक्त आठवड्यानंतरची चाचणी. तुकडीचा प्रश्न तेवढा राहिला. आणि वाटप नेमकं कसं करायचं? सम हजेरी क्रमांक एका गटात, विषम दुसऱ्यात, असं चालेल का?

आकडेमोड

एका तुकडीला एक पद्धत हे नाही चालणार. अशा मांडणीत तुकडी आणि पद्धत एकमेकींत पूर्णपणे गुंतलेल्या असतात. कुठल्या तुकडीचा तास जेवणानंतर, कुठल्या शिक्षकाचा आवाज खणखणीत, हुशार कंपू कुठे बसतो, हे सगळं "पद्धतीचा परिणाम" या नावाखाली जमा होतं. एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी असतात, तेव्हा ३२ जणांकडून ३२ स्वतंत्र नोंदी मिळतच नाहीत. तुकडीअंतर्गत सहसंबंध (हे सारखेपण मोजणारा आकडा) अवघा ०.१ धरला तरी फुगवटा (माणसं किती पट जास्त लागतात तो आकडा) १ अधिक ३१ गुणिले ०.१, म्हणजे ४.१ येतो. ६४ विद्यार्थ्यांची किंमत सुमारे १६ जणांइतकी. बरं, हा फुगवटा दुरुस्तही करता येत नाही, कारण प्रत्येक बाजूला एकच तुकडी असल्यावर तुकड्या-तुकड्यांतला फरक मोजायला काही शिल्लकच नसतं. सबंध तुकड्याच वाटायच्या असतील तर प्रत्येक बाजूला अनेक तुकड्या लागतात. दोन तुकड्यांत तो विषय संपला.

उपाय सोपा आहे. तुकडीच्या आतच वाटप करा. दोन्ही तुकड्यांत निम्मे वाचणारे, निम्मे आठवणारे.

प्रयोगवही

सम-विषम नको. ते यादृच्छिक नाही, ठरावीक क्रमाने केलेलं वाटप आहे. हजेरी क्रमांक कशाच्या आधारे दिले, यावर सगळं अवलंबून राहतं, आणि शेजारी बसणारे, मित्र, जुळे असे लागोपाठचे क्रमांक नेमके विरुद्ध गटांत जातात. सर्वांत वाईट म्हणजे पुढचा विद्यार्थी कुठल्या गटात जाणार हे सगळ्यांना आधीच कळतं.

प्रत्येकासाठी नाणेफेकही नको. ४० जणांना नाणेफेकीने वाटलं तर २५-१५ किंवा त्याहून वाकडी विभागणी होण्याची शक्यता साधारण १५ टक्के असते.

सगळी यादी आधीच हातात आहे हा तुमचा मोठा फायदा. असं करा:

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक तुकडीसाठी वेगळं पान घ्या. पूर्वचाचणीच्या गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा. वरून दोन-दोनाच्या जोड्या पाडा. प्रत्येक नावापुढे यादृच्छिक संख्येचं सूत्र टाका आणि जोडीत ज्याची संख्या मोठी तो आठवणाऱ्या गटात, दुसरा वाचणाऱ्या गटात. ३३ आणि ३१ दोन्ही विषम, त्यामुळे प्रत्येक पानावर शेवटी एक जण सुटा उरेल. एका सुट्याचं वाटप नाण्याने करा, दुसऱ्याला विरुद्ध गट द्या, म्हणजे ३२-३२ होतील.

इथे हमखास फसगत होते ती अशी: स्प्रेडशीटमधलं यादृच्छिक सूत्र प्रत्येक बदलागणिक नव्याने संख्या काढतं. फाइल दुसऱ्या दिवशी उघडली की गट बदललेले. संख्या आल्याबरोबर तो स्तंभ कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवा, तारीख घालून फाइल जतन करा आणि पुन्हा हात लावू नका. "हे वाटप जरा विषम वाटतंय, पुन्हा टाकून बघू" हा मोह झाला तरी नाही. आर किंवा पायथन या संगणक-भाषांमध्ये करणार असाल तर सीड (यादृच्छिक संख्या जिथून सुरू होतात तो आकडा) नोंदवून ठेवा, म्हणजे तेच वाटप कुणालाही पुन्हा काढून पाहता येईल.

शक्य असेल तर हे काम प्रयोगाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडे द्या. तुम्हाला फक्त नाव-क्रमांकाची बंद पाकिटं मिळावीत.

(सहभागी एकेक करून येणार असते तर जोड्या पाडता आल्या नसत्या. तिथे ४ आणि ६ च्या गठ्ठ्यांत वाटप करतात आणि गठ्ठ्याचा आकारही यादृच्छिक ठेवतात. नुसते चारचे गठ्ठे ठेवले तर तीन जण झाल्यावर चौथा कुठे जाणार हे उघड असतं.)

प्रत्यक्ष सत्राबद्दल. दोन्ही गट एकाच वेळी, सारख्या खोल्यांत बसवा आणि दुसऱ्या तुकडीच्या वेळी पर्यवेक्षक आणि खोल्या यांची अदलाबदल करा. जागा मिळत नसेल तर एकाच खोलीत सारख्या मुखपृष्ठाच्या पुस्तिका वाटा, सूचना तोंडी न देता आत छापा. तसं केलं तर आठवणाऱ्यांचं खरडणं वाचणाऱ्यांना दिसतं, म्हणून वाचणाऱ्यांच्या पुस्तिकेतही काहीतरी लिहिण्याचं काम ठेवावं लागतं, उदाहरणार्थ प्रत्येक वाचन पूर्ण झालं की चौकटीत एक रेघ. ती नोंद उपयोगीही पडते. २००६ च्या दुसऱ्या प्रयोगात चारही वेळा वाचणाऱ्यांनी उतारा सरासरी १४.२ वेळा वाचला होता, तर तीनदा आठवणाऱ्यांनी ३.४ वेळा. वेळ सारखा होता, वाचनं नव्हती. वाचणारे मागे पडले ते कमी वाचल्यामुळे नव्हे, हे त्या आकड्यामुळे ठामपणे म्हणता आलं.

वेळ मिनिटाबरहुकूम सारखा ठेवा: पहिलं वाचन ७ मिनिटं, मग पुन्हा वाचन किंवा आठवून लिहिणं ७ मिनिटं. आठवणाऱ्यांनी लवकर लेखणी खाली ठेवली तरी पुस्तिका गोळा करायची नाही.

आठवड्यानंतर चाचणी आहे हे दोन्ही गटांना सारख्याच शब्दांत सांगा किंवा दोघांनाही सांगू नका. सत्रानंतर मुलं आपसात बोलणारच, ते थांबवता येत नाही. निदान उतारा अभ्यासक्रमाबाहेरचा आणि सहज न सापडणारा निवडा आणि पुस्तिका परत घ्या, म्हणजे मित्राकडून पद्धत कळली तरी ती वापरायला उतारा हाताशी नसेल. चाचणीच्या शेवटी एक प्रश्न टाका: "दरम्यानच्या काळात हा विषय पुन्हा वाचला किंवा कुणाशी चर्चा केली का?" उत्तर हो आलं म्हणून कुणाला वगळू नका, फक्त गटनिहाय आकडा द्या.

तपासणीसाठी उताऱ्याचे ३० मुद्दे पाडा, प्रत्येकी एक गुण. दोन परीक्षक, दोघांनाही गट माहीत नसावा. उत्तरपत्रिकेवर फक्त सांकेतिक क्रमांक, आणि दोन्ही गटांच्या पत्रिका एकत्र पिसलेल्या.

पाटीपेन

आठवड्याने काही जण गैरहजर राहणार हे नक्की. त्यांचं काय करायचं? आणि शेवटी "ही पद्धत किती परिणामकारक वाटली, १ ते १० मध्ये सांगा" असा प्रश्नही ठेवायचा होता.

आकडेमोड

गैरहजेरीत संख्येपेक्षा विषमता वाईट. दोन्ही गटांतून पाच-पाच गेले तर फक्त पॉवर घटते. आठवणाऱ्यांतून आठ आणि वाचणाऱ्यांतून दोन गेले तर यादृच्छिक वाटपाने मिळवलेली समतुल्यताच गेली, कारण कष्टाची पद्धत मिळालेल्यांतले कच्चे विद्यार्थी आधी गळतात आणि उरलेला गट आपोआप हुशार दिसू लागतो. म्हणून वाटप किती, सत्राला किती, चाचणीला किती, हे तिन्ही आकडे गटनिहाय छापा. चाचणीसाठी दोन दिवस आधीच ठरवून ठेवा, म्हणजे राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी गाठता येईल, आणि ते दोन दिवस दोन्ही गटांना सारखेच लागू. नव्याने माणसं जमवायची सोय असेल तेव्हा १५ टक्के गैरहजेरी धरून ६४ ऐवजी ७६ घ्यावेत. तुमची संख्या बांधलेली आहे, तेव्हा आठवणीचे निरोप हाच उपाय.

यातलीच एक छुपी चूक सांगतो. "सरावाच्या वेळी ज्यांना पाचपेक्षा कमी मुद्दे आठवले त्यांनी नीट प्रयत्न केला नाही, म्हणून वगळले." वाचणाऱ्या गटात असा निकष लावायला काही नसतंच. म्हणजे एका गटातले कच्चे काढले, दुसऱ्यातले ठेवले. वाटपानंतर घडलेल्या कुठल्याही गोष्टीवरून कुणालाही काढायचं नाही. ज्याला जो गट मिळाला त्याच गटात त्याचं विश्लेषण, मग त्याने पद्धत पाळली असो वा नसो.

विश्लेषणात उत्तरगुण हे आश्रयी चल (ज्यावरचा परिणाम पाहायचा ते), गट हा घटक, पूर्वगुण आणि तुकडी सहचल. जोड्या पाडल्या आहेत म्हणून जोडीनिहाय टी-चाचणी करायचा मोह होईल, पण जोडीतला एक गैरहजर राहिला की दुसऱ्याचीही नोंद फुकट जाते. पूर्वगुण सहचल म्हणून घातले की जोडीचा बहुतेक फायदा तिथेच मिळतो. सहचलाशिवाय साधी तुलनाही द्यायची असेल तर वेल्श यांची टी-चाचणी (दोन गटांचं विखुरणं सारखंच असेल असं न धरणारी) वापरा. गट असमान झाले आणि लहान गटात विखुरणं जास्त असलं की नेहमीची टी-चाचणी खोटी सार्थकता दाखवते.

पूर्वगुणांवर टी-चाचणी लावून "गट समतुल्य आहेत, पी मूल्य ०.४" असं लिहिणं बंद करा (पी मूल्य म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता). वाटप यादृच्छिक असेल तर जो काही फरक आहे तो योगायोगाचाच, हे चाचणीशिवायच माहीत आहे. मध्यमान आणि प्रमाण विचलन छापा, पुरे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र वेगळीच आहे. प्रत्येक गटाची स्वतंत्र पूर्व-उत्तर टी-चाचणी काढायची, एकीत पी मूल्य ०.०३ आणि दुसरीत ०.०८ आलं की "पहिली पद्धत परिणामकारक, दुसरी नाही" असं जाहीर करायचं. समजा पहिल्या गटाची वाढ ३ गुण, दुसऱ्याची २.४, आणि दोन्हींची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) १.३२. पहिली सार्थक ठरते, दुसरी ठरत नाही. पण दोन वाढींतला फरक अवघा ०.६ आहे आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी १.८७. पी मूल्य ०.७५ च्या आसपास येईल. म्हणजे पद्धतींत फरक असल्याचा काडीचाही पुरावा नाही. वेगळे गट घेतले ते एकमेकांशी तुलना करायला, तर चाचणीही त्याच तुलनेची हवी.

तिरकस_वाचक

१ ते १० च्या प्रश्नाबद्दल माझाही एक आकडा. मानसशास्त्रज्ञ बर्नबॉम यांनी १९९९ मध्ये एका गटाला ९ ही संख्या किती मोठी वाटते ते विचारलं, दुसऱ्या गटाला २२१ किती मोठी वाटते ते. वेगळे गट, तीच मोजपट्टी. ९ ला सरासरी जास्त गुण पडले. ९ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर एकअंकी संख्या येतात आणि त्यांत ९ मोठा, २२१ म्हटल्यावर तीनअंकी येतात आणि त्यांत २२१ लहान.

पुन्हा वाचणारा त्याची पद्धत कशाशी ताडून ७ गुण देणार आणि आठवणारा कशाशी ताडून ६ देणार, ते तुमच्या हातात नाही. वेगळे गट असले की असली मतं एकमेकांशी ताडायची नाहीत. मत हवंच असेल तर ज्याला बाहेरचा मापदंड आहे असं विचारा: "या उताऱ्यातल्या ३० मुद्द्यांपैकी आठवड्याने किती आठवतील?" तो अंदाज प्रत्यक्ष गुणांशी ताडता येतो.

प्रयोगवही

हे चांगलं. फक्त तो अंदाज सत्राच्या शेवटी, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर घ्या. आठवड्यानंतर चाचणी लिहून झाल्यावर विचारलात तर तो अंदाज राहत नाही. आणि वाक्य दोन्ही पुस्तिकांत अक्षरशः एकच ठेवा. आठवणाऱ्यांच्या पुस्तिकेत "तुम्ही आत्ता लिहिलेल्या मुद्द्यांपैकी" असं चुकून आलं तर तिथे प्रश्नच बदलला. छपाईला देण्याआधी दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून पानागणिक ताडून पाहा. दुसऱ्या टप्प्याच्या सूचनेचं पान आणि त्यापुढची कामाची पानं सोडून कुठेही फरक दिसता कामा नये.